पारध, तुबक आणि काडतूस : तंजावर-कुंभकोणम् परिसरातील शिकारीचा वाङ्मयीन मागोवा

१. प्रश्नाचे स्वरूप

दक्षिणेतील मराठी सत्तेच्या सांस्कृतिक इतिहासाचा विचार करताना अभ्यासकांचे लक्ष प्रामुख्याने ग्रंथालय, नाटक, संगीत आणि वैद्यक यांकडे जाते, आणि ते स्वाभाविकच आहे. सरस्वती महालातील पोथ्या, मोडी दफ्तर, शहाजीराजांच्या काळातील नाट्यप्रबंध, बृहदीश्वराच्या भिंतीवर १८०३ मध्ये कोरवून घेतलेले भोसले वंशाचे चरित्र आणि १८०५ च्या सुमारास सुरू झालेला देवनागरी छापखाना ही साधने इतकी समृद्ध आहेत की, त्यांच्या पलीकडे या दरबाराचे काही उरले असेल अशी शंकाही सहसा येत नाही. मात्र हा दरबार मूळचा शिलेदारांचा होता. एकोजीराजे १६७० च्या दशकात तंजावरात आले ते सैन्य घेऊन; ग्रंथ नंतर जमले. या लष्करी वारशाचे पुढे काय झाले, विशेषतः सैन्य संपल्यावर शस्त्राचे आणि शस्त्राबरोबर आलेल्या शब्दांचे काय झाले, हा प्रश्न वाङ्मयाच्या इतिहासातही महत्त्वाचा आहे.

प्रस्तुत निबंधात हा प्रश्न शिकार या एकाच विषयाच्या आधारे तपासला आहे. युद्ध संपल्यावर राजाच्या हाती बंदूक उरते ती शिकारीपुरती. म्हणून शिकार हे राजेपणाचे शेवटचे क्षेत्र ठरते. तंजावरच्या बाबतीत एक विसंगती मात्र प्रथमदर्शनीच जाणवते. येथील राजा पट्टीचा नेमबाज होता याची साक्ष परकीय पाहुण्याच्या पत्रात मिळते. त्याच राजाच्या आश्रयाने निर्माण झालेल्या वाङ्मयात शिकारी दिसतो तो बंदूकधारी राजा नसून फासे लावणारा पारधी असतो. ही विसंगती का निर्माण झाली, आणि तिचा कुंभकोणम् परिसरातील मराठी समाजाच्या पुढील वाटचालीशी काय संबंध पोहोचतो, याचा येथे मागोवा घ्यावयाचा आहे.

२. शब्दांची साक्ष

मराठीतील ‘पारध’ हा शब्द संस्कृत ‘पापर्द्धि’ या शब्दापासून आला. पापाची ऋद्धी, म्हणजे वाढ, असा त्याचा उघड अर्थ आहे. मनूने मृगयेची गणना कामज व्यसनांत केली. कौटिल्याने मात्र व्यसनांचा विचार करताना मृगयेचे गुणही मोजले : व्यायाम, चलत्या व स्थिर लक्ष्यावर नेम साधण्याचा सराव, प्राण्यांच्या चित्तवृत्तीची जाण. कालिदासाच्या शाकुंतलात सेनापती हीच बाजू मांडतो, तर विदूषक त्याची थट्टा करतो. बाराव्या शतकात चालुक्य सोमेश्वराने ‘मानसोल्लासा’त मृगयेला राजाच्या विनोदांत स्थान दिले. म्हणजे पाप आणि राजधर्म असा दुहेरी अर्थ शिकारीला आधीपासूनच चिकटलेला आहे. पुढे फारसी ‘शिकार’ हा शब्द रूढ झाला, आणि ‘पारध’ हा मुख्यतः पारधी या जमातीच्या नावापुरता उरला. राजा करतो ती शिकार आणि वनवासी करतो ती पारध, अशी अर्थाची विभागणी मराठीत हळूहळू होत गेली.

शस्त्रवाचक शब्दांचा इतिहास याहून गुंतागुंतीचा आहे. ‘तुबक’ आणि ‘तोफ’ तुर्कीतून आले, ‘बंदूक’ अरबीतून. मूळ अरबी शब्दाचा अर्थ एक कवचफळ, आणि त्यावरून छोटी गोळी असा होता. ‘काडतूस’ आणि ‘पिस्तूल’ हे शब्द पोर्तुगीजांकडून आले. तमिळमध्ये बंदुकीसाठी ‘तुप्पाक्कि’ हा शब्द आहे, तो तुबकाचाच भाऊ. काडतुसासाठी मात्र तमिळने ‘तोट्टा’ हा हिंदुस्थानी ‘टोटा’वरून आलेला शब्द स्वीकारला. म्हणजे एकाच वस्तूसाठी मराठी माणूस पश्चिम किनाऱ्यावरून आलेला पोर्तुगीज शब्द वापरत होता, तर त्याचा तमिळ शेजारी उत्तरेकडून आलेला. तंजावरच्या भोवती तरंगंबाडीला १६२० पासून डेन, नागपट्टणमला आधी पोर्तुगीज व १६५८ नंतर डच, आणि कारैकालला १७३९ पासून फ्रेंच अशा वखारी होत्या. शस्त्रे आणि दारूगोळा या बंदरांतून येऊ शकत होता. पण शब्द मात्र वस्तूबरोबर त्याच जहाजातून उतरतात असे नाही.

सर्वांत बोलके उदाहरण ‘दारू’चे आहे. फारसीत या शब्दाचा अर्थ औषध. मराठीत ‘दवादारू’ या जोडशब्दात तो अर्थ शिल्लक आहे. एरवी दारू म्हणजे मद्य किंवा बंदुकीत ठासायची दारू. तमिळमध्ये औषधाला ‘मरुंदु’ म्हणतात आणि बंदुकीच्या दारूला ‘वेडिमरुंदु’, म्हणजे फुटणारे औषध. कन्नड ‘मद्दु’ आणि तेलुगू ‘मंदु’ या शब्दांतही औषध व दारू हे अर्थ एकत्र नांदतात. दोन वेगळ्या भाषाकुळांनी एकच रूपक स्वीकारावे, हे तौलनिक अभ्यासाच्या दृष्टीने लक्षणीय आहे. कुटून, मोजून, चाळून तयार केलेली पूड ही वैद्याच्या खलबत्त्याशी जोडली गेली. तंजावरसारख्या ठिकाणी, जेथे मराठी, तमिळ, तेलुगू आणि दख्खनी या चारही भाषा एकाच वाड्यात बोलल्या जात, तेथे हे रूपक सर्वांनाच सारखे समजत असले पाहिजे.

या परकी शब्दांना संस्कृत पर्याय देण्याचा प्रयत्नही झाला. शिवछत्रपतींच्या आज्ञेने तयार झालेल्या ‘राजव्यवहारकोशा’त ‘शस्त्रवर्ग’ असा स्वतंत्र विभाग आहे. या कोशाशी ज्यांचे नाव जोडले जाते ते रघुनाथपंत हणमंते पूर्वी एकोजीराजांच्याच सेवेत होते, आणि १६७७ च्या दक्षिणदिग्विजयामागे त्यांचा मोठा वाटा होता. म्हणजे शस्त्रांच्या भाषेचा विचार करणारा हा पहिला मराठी प्रयत्न तंजावरशी दूरान्वयाने का होईना, पण निगडित आहे. राज्यव्यवहारातील काही पदनामे या प्रयत्नाने बदलली. बंदुकीचे शब्द मात्र बदलले नाहीत. सैनिकाच्या तोंडी तुबक, बंदूक आणि दारूच राहिली.

३. राजाची नेमबाजी

सरफोजी दुसरे यांचा जन्म १७७७ चा. तुळजाजीराजांनी त्यांना १७८७ मध्ये दत्तक घेतले. श्वार्ट्झ या जर्मन धर्मोपदेशकाच्या देखरेखीखाली त्यांचे शिक्षण झाले, आणि १७९८ मध्ये ते गादीवर बसले. पुढल्याच वर्षी, २५ ऑक्टोबर १७९९ च्या तहाने, राज्याचा कारभार कंपनीकडे गेला. राजाला वार्षिक एक लाख होन आणि निव्वळ महसुलाचा पाचवा हिस्सा मिळू लागला. अधिकार राहिला तो तंजावरचा किल्ला व लगतच्या भागापुरता. कुंभकोणम् तेथून सुमारे चाळीस किलोमीटरवर. ते आता कंपनीच्या मुलखात गेले. शहाजीराजांनी १६९३ मध्ये पंडितांना अग्रहार दिलेले तिरुविशनल्लूर तर कुंभकोणम्‌च्या वेशीजवळचे. पूर्वजांनी दान दिलेल्या भूमीवर वारसाची सत्ता उरली नाही. अशा स्थितीत राजाने किल्ल्याबाहेर बंदूक घेऊन जाणे ही केवळ करमणुकीची बाब राहत नाही; आपण अजून राजे आहोत याची ती खूणही ठरते.

मार्च १८२६ च्या अखेरीस कलकत्त्याचे बिशप रेजिनाल्ड हेबर तंजावरला आले. तेथून तिरुचिरापल्लीला गेल्यावर ३ एप्रिलला त्यांचे निधन झाले. तत्पूर्वी एका मित्राला लिहिलेल्या पत्रात त्यांनी सरफोजींचे वर्णन केले आहे. फूर्क्रॉय, लाव्हाझिए, लिनियस आणि ब्यूफाँ यांचे दाखले सहज देणारा, शेक्सपिअरची जाण असलेला हा राजा घोड्याचा उत्तम पारखी आहे, आणि वाघावर बंदूक चालविताना तो शांत, धीट आणि अचूक असतो, असा आसपासच्या इंग्रज अधिकाऱ्यांचा अनुभव हेबर नोंदवितात. सैनिकी रीतीभाती आणि मर्दानी व्यायाम त्याने सोडलेले नाहीत. सद्यःस्थितीत प्रजेच्या मनातील आपले स्थान राखण्याचा तेवढाच मार्ग त्याच्यापुढे उरला आहे, हेही निरीक्षण त्यांनी केले आहे. त्याच्या ग्रंथालयात बोनापार्टचे चित्र होते, आणि त्याचा परिणाम पुसून टाकायला हेस्टिंग्जचेही.

या उताऱ्याचा उल्लेख सरफोजींच्या विद्वत्तेचा पुरावा म्हणून वारंवार केला जातो. त्यातील वाघाचा भाग मात्र शोभेचा तपशील म्हणून वाचून सोडला जातो. वस्तुतः हेबर यांच्या वाक्याचा तोल त्याच भागावर आहे. लिनियस जाणणारा आणि वाघ मारणारा हे दोन वेगळे गुण त्यांनी एकाच माणसात पाहिले. प्राण्याचे वर्गीकरण आणि प्राण्याची शिकार या दोन्ही गोष्टी एकाच कुतूहलाच्या दोन बाजू होत्या, ही एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीची युरोपीय धारणा सरफोजींनी आत्मसात केली होती. दुसरीकडे सरस्वती महालात गजशास्त्र आणि अश्वशास्त्र यांच्या सचित्र पोथ्या आहेत. त्या परंपरेतही प्राणी आधी लक्षणांनी ओळखायचा असतो. राजाच्या ठायी ही दोन शास्त्रे एकत्र आली होती.

४. ‘शांत’ या विशेषणाचा अर्थ

हेबर यांनी सांगितलेल्या तीन गुणांपैकी पहिला गुण त्या काळच्या बंदुकीच्या रचनेशिवाय समजत नाही. सरफोजींच्या कारकिर्दीत तीन प्रकारच्या बंदुका प्रचारात होत्या, आणि प्रत्येक प्रकार शिकाऱ्याकडून वेगळ्या सवयीची अपेक्षा करीत असे.

तोड्याची बंदूक ही सर्वांत जुनी. तिच्यात पेटता दोर, म्हणजे जामगी, चापाला अडकविलेला असे. चाप दाबला की तो कानावरील रंजकीला लागून बार उडे. देशी लोहार ती घडवू शकत, गारगोटीची गरज नसे, आणि नळी लांब असल्याने नेम बरा लागे. म्हणूनच युरोपात ती कालबाह्य झाल्यावरही हिंदुस्थानात दीर्घकाळ टिकली. शिकारीत मात्र तिचा तोटा उघड होता. जळत्या दोराचा वास सावजाला आधी लागतो, आणि अंधारात ती ठिणगी दिसते.

चकमकीच्या बंदुकीत दोर गेला, गारगोटी आली. गारगोटी पोलादावर आपटते, ठिणगी रंजकीत पडते, रंजक भडकते, आणि मग कानातून आत गेलेली आग मुख्य दारू पेटविते. चाप दाबणे आणि गोळी सुटणे यांत क्षणाचे अंतर राहते. त्या क्षणात डोळ्यांसमोर धूर आणि ज्वाळा उसळतात. सामान्य माणूस दचकतो, नळी हलते, आणि नेम चुकतो. हवा दमट असेल तर रंजक ओली होऊन बार फुकट जातो. १८०७ मध्ये फोर्साइथ याने स्फोटक क्षारावर चालणाऱ्या चापाचे पेटंट घेतले, आणि पुढे तांब्याच्या टोपीची बंदूक प्रचारात आली. हेबर तंजावरला आले तेव्हा हा बदल चालू होता. पण तत्पूर्वीची पाव शतकाची शिकार चकमकीवरच झालेली असणार.

या सर्व बंदुका ठासणीच्या होत्या. दारू मोजून नळीत ओतायची, वर गोळी बसवायची, गजाने ठासायची, रंजक घालायची : या कामाला सरावलेल्या हातालाही अर्धे मिनिट सहज लागते. जखमी वाघ अर्धे मिनिट थांबत नाही. म्हणून राजाच्या मागे भरलेल्या बंदुका घेऊन माणसे उभी असत. म्हणजे शिकार ही सेवकांच्या धीरावरही अवलंबून असे. अशा परिस्थितीत ‘शांत’ हे विशेषण स्वभाववर्णन राहत नाही. ज्वाळा उसळल्यावरही नळी स्थिर ठेवणारा, पहिली गोळी हीच शेवटची मानणारा, असा त्याचा काटेकोर अर्थ होतो. इंग्रज अधिकारी स्वतः त्याच बंदुका वापरीत होते. त्यामुळे त्यांनी दिलेली ही दाद जाणकाराची दाद आहे.

५. भाताचा मुलूख आणि काडतूस

येथे भूगोलाचा विचार करणे आवश्यक आहे. उत्तरेला कावेरी आणि दक्षिणेला अरसलार यांच्या मध्ये वसलेले कुंभकोणम् हे भातशेतीचे, विड्याच्या पानांचे आणि पितळी भांड्यांचे गाव. या त्रिभुज प्रदेशात वाघ लपेल असे अरण्य नाही. वाघाची शिकार म्हणजे प्रदेशाबाहेरचा प्रवास. गावाजवळची खरी शिकार वेगळी होती : पाणथळीतील बदके आणि भातखाचरातील पाणलावा. तमिळमध्ये या पक्ष्याला ‘उळ्ळान्’ म्हणतात. पाऊस ओसरल्यावर, हिवाळ्यात तो उत्तरेकडून येतो, चिखलात दबून बसतो, आणि पायाशी आल्यावर एकदम उडून वेडीवाकडी वळणे घेतो.

चकमकीच्या बंदुकीने पाणलावा मारणे कठीण. चाप आणि बार यांतील अंतरात पक्षी वळू शकतो. टोपीची बंदूक आली तेव्हा हे अंतर बरेच कमी झाले. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मागून भरायची दुनळी बंदूक आणि दारू, छर्रे व टोपी यांना एकत्र बांधणारे काडतूस आले, आणि इंग्रज अधिकाऱ्यांचा आवडता छंद असलेली या पक्ष्याची शिकार अधिक सोपी झाली. ‘बारा बोअर’ ही संज्ञा तेव्हापासून आपल्याकडे रुळली. एक पौंड शिशातून नळीच्या व्यासाच्या जितक्या गोळ्या होतील तो तिचा आकडा, हा जुना हिशेब त्या नावात टिकून आहे. म्हणून आकडा मोठा तितकी नळी लहान.

काडतुसाने शिकाऱ्याचा अनुभव मुळातून बदलला. ठासणीच्या काळात प्रत्येक बार शिकारी स्वतः तयार करीत असे. दारू किती, गोळी कोणती, हे तो सावज पाहून ठरवी. काडतूस कारखान्यातून येते; निर्णय आधीच झालेला असतो. कुंभकोणम्‌सारख्या दमट हवेत कागदी काडतूस फुगून नळीत अडकते, म्हणून पितळी काडतूस बरे. ते पुन्हा भरताही येते. अशा बारीकसारीक गोष्टींत शिकाऱ्याचे ज्ञान आता साठू लागले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस धूर न करणारी दारू आली, नळीचा व्यास घटला, वेग वाढला, आणि रायफलींची ओळख आकड्यांनी होऊ लागली.

हे आकडेही तटस्थ नसतात. १९०७ मध्ये सैनिकी काडतुसांशी साम्य असल्याच्या कारणाने हिंदुस्थानात .४५० व्यासाच्या काडतुसांवर निर्बंध आले. परिणामी इंग्रज बंदूककारांनी.४७० आणि .४६५ अशी नवी काडतुसे काढली. स्वातंत्र्योत्तर काळातही .३०३ हे सैनिकी काडतूस असल्याने परवानाधारकांसाठी सरकारी कारखान्याने .३१५ ची रायफल बनविली. कोणत्या व्यासाची गोळी कोणाच्या हाती असावी हे अरण्य ठरवीत नाही, राज्य ठरविते. सरफोजींच्या १७९९ च्या तहाशी या आकड्यांचे नाते असे जुळते.

६. कुरवंजीतील फासा

आता वाङ्मयाकडे वळता येईल. सरफोजींच्या काळात तंजावरात कुरवंजी हा नाट्यप्रकार विशेष बहरला. स्वतः सरफोजींच्या नावावर ‘देवेंद्र कोरवंजी’ ही मराठी रचना आहे; तीत कुरवंजी भविष्य सांगण्याच्या निमित्ताने जगाचा भूगोल सांगते. कोट्टैयूर शिवक्कोळुंदु देशिकर यांनी सरफोजींना नायक कल्पून ‘शरभेंद्र भूपाल कुरवंजी’ तमिळमध्ये रचली, आणि ती बृहदीश्वराच्या मंदिरात सादर होत असे. या प्रकाराचा ठरलेला संकेत असा : राजावर किंवा देवावर अनुरक्त झालेली नायिका, तिचा हात पाहणारी डोंगरकन्या, आणि उत्तरार्धात त्या डोंगरकन्येला शोधत येणारा तिचा नवरा सिंगन. हा सिंगन पक्षी पकडणारा पारधी आहे. तिरुकुट्रालम्‌च्या प्रसिद्ध कुरवंजीत त्याने लावलेले फासे, पक्ष्यांची नामावली आणि हातून निसटलेले पक्षी यांचे वर्णन मोठ्या रंगतीने येते.

म्हणजे दरबाराच्या रंगभूमीवर शिकारी होता. पण तो फासेवाला होता. राजा नायक होता. पण तो शिकारी म्हणून नव्हे, तर प्रेमविषय म्हणून. मिरवणुकीत येणारा राजा आणि रानातून येणारा पारधी हे दोघे एकाच नाटकात असूनही शिकारीच्या संदर्भात एकत्र येत नाहीत. बंदुकीला या संकेतव्यवस्थेत जागाच नव्हती. संस्कृत काव्यातील मृगया धनुष्याची. तमिळ परंपरेतील रानवासी शिकारी धनुष्याचा किंवा फाशाचा. बंदुकीचा धूर, वास, ठासण्याची घाई, फुकट गेलेला बार यांसाठी कवीच्या हाती तयार अलंकार नव्हते. ती भाषा मोडी दफ्तराच्या हिशेबाची आणि लोहारखान्याची होती. तिचे गद्य होण्याआधीच दरबार संपला.

कुरवंजीने रंगविलेल्या पारध्याचे प्रत्यक्ष जीवनात काय झाले, हेही पाहिले पाहिजे. महाराष्ट्रातील फासेपारधी आणि तमिळ प्रदेशातील कुरवर या दोन्ही समाजांच्या नावावर फाशाची आणि रानाची मुद्रा आहे. १८७१ पासूनच्या, आणि १९११ नंतर मद्रास इलाख्यातही लागू झालेल्या गुन्हेगार जमाती कायद्यांनी अशा समाजांना जन्मजात गुन्हेगार ठरविले. ही बंधने १९५२ मध्ये रद्द झाली. तमिळ गावांच्या कडेने राहणाऱ्या नरिकुरवर समाजाची वाग्री बोली भारतीय-आर्य कुळातली आहे, आणि ठासणीची देशी बंदूक ही अगदी अलीकडेपर्यंत त्यांच्या उपजीविकेचे साधन होती. राजाच्या हातून गेलेली बंदूक सर्वांत दीर्घकाळ टिकली ती ज्याला रंगभूमीने केवळ फासा दिला होता त्या माणसाच्या शेजाऱ्याच्या हाती, हा इतिहासाचा विरोधाभास नोंदविण्यासारखा आहे.

७. शस्त्रागाराचा शेवट

सरफोजी १८३२ मध्ये वारले. त्यांचे पुत्र शिवाजीराजे १८५५ मध्ये निपुत्रिक निधन पावले, आणि संस्थान खालसा झाले. ग्रंथालय वाचले; शस्त्रागार वाचले नाही. १८६३ च्या सुमारास तेथील निवडक शस्त्रे मद्रासच्या सरकारी संग्रहालयासाठी बाजूला काढण्यात आली, आणि उरलेल्यांपैकी बहुतेक मोडून जुन्या लोखंडाच्या भावाने विकली गेली. एम. जे. वॉलहाउस या मद्रास इलाख्यातील माजी अधिकाऱ्याने ‘इंडियन अँटिक्वरी’त १८७८ मध्ये लिहिलेल्या लेखामुळे या शस्त्रागाराचे वर्णन उपलब्ध आहे. संग्रहालयात गेलेल्या शस्त्रांचा सखोल अभ्यास व्हायला रॉबर्ट एलगुड यांच्या २००४ च्या ग्रंथापर्यंत वाट पाहावी लागली.

१८७८ हे वर्ष आणखी दोन कारणांनी महत्त्वाचे. त्याच वर्षी लॉर्ड लिटन यांच्या कारकिर्दीत शस्त्रांचा कायदा झाला. हिंदी माणसाला बंदुकीसाठी परवाना आवश्यक ठरला. युरोपीय मात्र त्यातून वगळले गेले. आणि त्याच वर्षी म्हैसूर संस्थानात हत्ती पकडण्याचे काम केलेल्या सँडरसन यांचे हिंदुस्थानातील वन्य श्वापदांवरील पुस्तक लंडनमध्ये प्रसिद्ध झाले. त्यात हत्ती-गव्यांसाठी कोणती जड बंदूक योग्य याची अनुभवी चर्चा आहे. एका वर्षात एका अधिकाऱ्याने मोडलेल्या शस्त्रागाराचे स्मरण केले, सरकारने उरलेली शस्त्रे परवान्यात बांधली, आणि दुसऱ्या साहेबाने आपल्या बंदुकीचे अनुभव लिहिले. दक्षिणेत शिकारकथा हा वाङ्मयप्रकार इंग्रजीत का उगवला आणि मराठीत का उगवला नाही, याचे उत्तर या तिहेरी योगात बऱ्याच अंशी मिळते. अनुभव लिहिण्यासाठी आधी तो घेण्याची मुभा असावी लागते. पुढे कॉर्बेट यांची .२७५ ची रिग्बी आणि बंगळूरच्या केनेथ अँडरसन यांची .४०५ ची विंचेस्टर या बंदुका कथेतील पात्रांइतक्याच वाचकांच्या परिचयाच्या झाल्या. सरफोजींच्या बंदुकीला असे नाव मिळाले नाही.

उत्तरेतील मराठी गद्याशी तुलना केल्यास हा भेद अधिक स्पष्ट होतो. विष्णुभट गोडसे यांच्या ‘माझा प्रवास’मध्ये काडतूस येते ते १८५७ च्या वणव्याचे कारण म्हणून, तेथे ते धर्मसंकट आहे. त्याच दशकात तंजावरच्या मराठी मंडळींपुढील प्रश्न मालमत्तेच्या यादीचा होता. एकीकडे काडतुसाला कथा मिळाली. दुसरीकडे शस्त्राला केवळ वजन.

८. लेखणीचे गाव

राज्य गेल्यावर तंजावर मुलखातील मराठी भाषकांचे, विशेषतः देशस्थ घराण्यांचे, कुंभकोणम् हे एक प्रमुख केंद्र राहिले. १८५४ मध्ये तेथे सुरू झालेली शाळा पुढे नामांकित महाविद्यालय झाली. १८२८ मध्ये कुंभकोणम्‌ला जन्मलेले सर टी. माधवराव यांनी त्रावणकोर, इंदूर आणि बडोदे या तीन संस्थानांचे दिवाणपद भूषविले. त्यांच्याच आप्तांपैकी दिवाण बहादूर आर. रघुनाथराव यांनीही इंदूरची दिवाणगिरी केली. घरात मराठी, बाहेर तमिळ आणि कचेरीत इंग्रजी अशा त्रिभाषिक वातावरणात ही पिढी वाढली. तिचे शस्त्र लेखणी हे होते. बडोद्याचे तरुण सयाजीराव यांना राजा म्हणून घडविण्याची व्यवस्था कुंभकोणम्‌च्या या दिवाणाच्या कारकिर्दीत झाली. राजपुत्राच्या शिक्षणात घोडा आणि बंदूक यांना स्थान होतेच. ती व्यवस्था आखणारा माणूस मात्र स्वतः शिलेदारांच्या नव्हे, लेखनिकांच्या परंपरेतला होता. एकोजींच्या वारशाचे हे रूपांतर म्हणावे लागेल : राजा घडविण्याचे कौशल्य टिकले, राजाचे शस्त्र गेले.

मराठीतील शिकारविषयक लेखन विसाव्या शतकात वाढले ते महाराष्ट्रात. व्यंकटेश माडगूळकर यांच्यासारख्या लेखकाचा प्रवास बंदुकीकडून दुर्बिणीकडे झाला. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीचे पर्व जवळजवळ संपविले. कावेरीच्या मुलखातील वडुवूरचे तळे आणि काळविटांसाठी ख्यात असलेले कोडिक्करै ही आता अभयारण्ये आहेत. पाणलावा अजूनही हिवाळ्यात कुंभकोणम्‌च्या खाचरांत उतरतो.

या विवेचनातून एक पद्धतिविषयक निष्कर्ष निघतो. दक्षिणेतील मराठी सत्तेचा लष्करी-शिकारी वारसा काव्य-नाटकांच्या आधारे शोधू गेल्यास तो सापडत नाही. आणि त्यावरून तो नव्हताच असा समज होतो. ग्रंथालय शिल्लक राहिले म्हणून हा दरबार केवळ ग्रंथप्रेमी वाटतो. त्याचे शस्त्रागार शिल्लक असते, तर चित्र वेगळे दिसले असते. मोडलेल्या बंदुकांची साक्ष आता मोडी हिशेबांतील वस्तूंच्या नावांतून, चेन्नईच्या संग्रहालयातील शस्त्रांतून आणि ‘दारू’-‘मरुंदु’सारख्या शब्दांतूनच घ्यावी लागेल. मोडी दफ्तरातील शस्त्रविषयक शब्दांचा तमिळ, तेलुगू आणि दख्खनी पर्यायांसह कोश तयार झाल्यास या कामाला निश्चित दिशा मिळेल. रघुनाथपंतांच्या कोशातील शस्त्रवर्गाने परकी शब्द हटविण्याचा यत्न केला होता. नव्या कोशाला त्याच परकी शब्दांची नीट जपणूक करावी लागेल.